आईची कटकट, मुलाची थट्टा



घरभेटीला शहापूरला जा की मुरबाडला, एक संवाद हमखास कानी पडतो. "अरे, तो मोबाइल ठेव, दहावी तोंडावर आलीय!" आतून उत्तर येते, "आई, हे रेकॉर्ड करून ठेव ना, तुझा घसा तरी वाचेल!" आई वैतागते. मला मात्र संत मोनिका आठवते.

तिचा मुलगा ऑगस्टिन ऐन तारुण्यात मानी पंथाच्या नादी लागला. आई रडे, प्रार्थना करी. एकदा तिला स्वप्न पडले: ती जिथे उभी आहे, तिथेच तिचा मुलगाही उभा आहे. ऑगस्टिनने लगेच अर्थ फिरवला, म्हणजे पुढे तूच माझ्या पंथात येणार! मोनिका गोंधळली नाही, चिडलीही नाही. तिने तत्काळ त्याची चूक दाखवली: मी तुझ्याकडे नव्हे, तूच माझ्याकडे येणार. स्वप्नापेक्षा आईचे हे उत्तर आपल्या मनाला अधिक भिडले, असे ऑगस्टिनने पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहिले आहे.

मोनिकाने एका बिशपांना गळ घातली, माझ्या मुलाला समजवा. ते म्हणाले, तो आता ऐकणार नाही. तू प्रार्थना कर. तरी ती त्याचा पिच्छा सोडीना. शेवटी इ. स. ३८३ मध्ये ऑगस्टिन आईशी खोटे बोलून रातोरात कार्थेजहून रोमला निघून गेला.

पालकांनो, दोन्ही प्रसंग ध्यानात ठेवा. मूल थट्टा करते, तोवर ते आपल्याशी बोलते आहे. त्या थट्टेला हसून उत्तर द्या. काळजी करायची ती मूल गप्प राहू लागले, लपवू लागले म्हणजे. मुलांना चिडवू नका, ती खचून जातील, असे संत पौलानेही कलस्सैकरांना बजावले आहे (३:२१).

आणि तरुणांनो, विनोद जरूर करा. पण विनोदाने अभ्यास होत नाही. प्रभूच्या दाखल्यातला मुलगा आधी 'नाही' म्हणाला, पण नंतर मळ्यात गेला (मत्तय २१:२८-३१).

ऑगस्टिनही परतला. इ. स. ३८७ च्या पुनरुत्थान सणाला मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा मोनिका हयात होती.

या आठवड्यासाठी: पालकांनी एक गोष्ट एकदाच सांगावी आणि रात्री मुलासाठी प्रार्थना करावी. मुलांनी थट्टा झाल्यावर सांगितलेले काम करावे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू