घटक ४ : जनमतकौलानंतर मतदाराचे मत बदलते का?

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• जनमतकौल आणि सार्वत्रिक निवडणूक यांतील फरक सांगणे.
• मतांतराचा भास आणि खरे मतांतर वेगळे करून दाखवणे.
• स्वतंत्र विदर्भाच्या प्रश्नावर निवडणूक-निकालांच्या आधारे केल्या जाणाऱ्या विधानांची चिकित्सा करणे.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वर्धा, देवळी, आर्वी किंवा हिंगणघाट येथील बाजाराच्या दिवशी दोन विधाने आपल्या कानांवर हमखास पडतात. एक म्हणजे, ‘लोकांना विदर्भ राज्य हवेच आहे.’ दुसरे म्हणजे, ‘हवे असते, तर निवडणुकीत दिसले नसते का?’ दोन्ही विधाने तितक्याच ठामपणे केली जातात. वस्तुतः या प्रश्नावर वर्धा जिल्ह्यातील मतदारांना शासनाने अधिकृत कौल कधीच विचारलेला नाही. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार नवे राज्य संसदेच्या कायद्याने निर्माण होते. त्यासाठी जनमतकौल घेण्याची अट नाही.

मग लोकांचे मत कोणते आणि ते बदलले की नाही, हे ओळखावे कसे? ज्या प्रदेशांत असा कौल प्रत्यक्ष घेतला गेला, त्यांचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरतो. त्यांतील सर्वांत जवळचे उदाहरण गोव्याचे आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ गोवा : दहा आठवड्यांत दोन निकाल

गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमतकौल घेण्यात आला. विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि वेगळेपणासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. एकूण ३,१७,६३३ मते पडली. त्यांपैकी १,७२,१९१ मते वेगळेपणाला आणि १,३८,१७० मते विलीनीकरणाला मिळाली. म्हणजे विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी हरला.

यानंतर मार्च १९६७ च्या अखेरीस विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने ३० पैकी १६ जागा जिंकल्या आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. वरवर पाहता गोमंतकीय मतदाराने अडीच महिन्यांत मत फिरवले, असे वाटेल. आकडे मात्र तसे सांगत नाहीत. जानेवारीत विलीनीकरणाला पडलेल्या मतांपैकी सुमारे ४३.५ टक्के मते मिळाली होती. मार्चमध्ये पक्षाला मिळालेली मते सुमारे ४० टक्के होती. पाठिंबा वाढला नाही, तरीही सत्ता मिळाली. कारण उरलेली मते एका ठिकाणी आली नाहीत. जानेवारीत विरोधकांसमोर एकच चिन्ह होते, मार्चमध्ये अनेक उमेदवार होते.

शिवाय मार्चचा प्रश्नच वेगळा होता. गावात शाळा कोण उघडील, कुळांची बाजू कोण घेईल, सरकार कोणाच्या हाती असावे, यांची उत्तरे मतदार देत होता. बांदोडकरांचे नेतृत्व हवे, पण विलीनीकरण नको, असे मानणाऱ्या मतदाराच्या वागण्यात कोणतीही विसंगती नव्हती.

४.३.२ क्यूबेक आणि स्कॉटलंड

हा अनुभव केवळ गोव्याचा नाही. कॅनडातील क्यूबेक प्रांतात मे १९८० मध्ये सार्वभौमत्वाच्या प्रस्तावाला सुमारे ४०.४ टक्के मते मिळाली आणि तो फेटाळला गेला. तरीही १९८१ च्या प्रांतिक निवडणुकीत प्रस्ताव मांडणारा पार्ती केबेक्वा हाच पक्ष सुमारे ४९ टक्के मतांनी पुन्हा निवडून आला. त्या कार्यकाळात नवे सार्वमत घेणार नाही, असे आश्वासन पक्षाने दिले होते. म्हणजे सार्वभौमत्वाला ‘नाही’ म्हणणाऱ्या अनेकांनी सरकार म्हणून त्याच पक्षाला पसंती दिली.

स्कॉटलंडमध्ये सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात स्वातंत्र्याला सुमारे १६ लाख १८ हजार मते मिळाली, तरी ती पुरेशी ठरली नाहीत. मे २०१५ मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीने ब्रिटिश संसदेच्या स्कॉटलंडमधील ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या. पक्षाची मते मात्र सुमारे १४ लाख ५४ हजार, म्हणजे स्वातंत्र्याच्या मतांहून कमीच होती. एका बाजूची मते एका पक्षामागे एकवटली आणि दुसऱ्या बाजूची विभागली गेली, एवढाच त्याचा अर्थ.

४.३.३ खरे मतांतर कसे घडते?

मते कधीच बदलत नाहीत, असा निष्कर्ष मात्र काढू नये. बदल तीन प्रकारे घडतो.

(अ) व्यक्तीचे मत बदलते. हे खात्रीने कळण्यासाठी त्याच व्यक्तींना काही काळाने पुन्हा विचारावे लागते. ‘तेव्हा आपले मत काय होते?’ असे नंतर विचारून भागत नाही, कारण माणूस आपले जुने मत आजच्या मताशी जुळवून आठवतो.

(आ) मतदारवर्ग बदलतो. क्यूबेकमध्ये १९९५ च्या सार्वमतात सार्वभौमत्वाच्या बाजूची मते ४९.४ टक्क्यांवर पोहोचली. या पंधरा वर्षांत अनेक वृद्ध मतदार निवर्तले होते आणि १९८० साली तीन वर्षांचे असलेले मूल मतदार झाले होते. समाजाचा कौल सरकला, म्हणजे प्रत्येक व्यक्तीचे मत सरकले असे नव्हे.

(इ) प्रश्नच मावळतो. गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९७९ पर्यंत सत्तेवर होता, परंतु विलीनीकरण झाले नाही. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले. विलीनीकरणाला मत देणाऱ्या प्रत्येकाचे मतपरिवर्तन झाले, असे म्हणता येत नाही. तो प्रश्न राजकारणाच्या केंद्रस्थानी राहिला नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

४.३.४ विदर्भ आणि वर्धा

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. त्या आठांत वर्धा होता. ती शिफारस स्वीकारली गेली नाही. विदर्भ १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात समाविष्ट झाला. पुढे १९६२ मध्ये बापूजी अणे आणि १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे हे विदर्भवादी नेते नागपुरातून लोकसभेवर गेले. हेच धोटे १९८० मध्ये काँग्रेसचे उमेदवार म्हणून तेथूनच विजयी झाले. यावरून नागपूरकरांचे विदर्भाविषयीचे मत दोन वेळा बदलले, असे म्हणता येईल काय?

वर्धा मतदारसंघाचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे वसंत साठे यांचा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे यांनी पराभव केला. साठे हे स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जातात. भाषिक राज्यांच्या विभाजनाला घंगारे यांच्या पक्षाचा विरोध राहिला आहे. म्हणून वर्धेकरांनी त्या वर्षी विदर्भ नाकारला, असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. कापूस उत्पादकाचे मत भाव, कर्ज, उमेदवाराची ओळख, पक्षनिष्ठा अशा अनेक कारणांनी बनते. मतपत्रिकेवर शिक्का एकच असतो, कारणे अनेक असतात. त्यांतील एकच कारण उचलून त्याला ‘जनतेचा कौल’ म्हणणे म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मतदाराच्या तोंडी घालणे होय. विदर्भाचे समर्थक आणि विरोधक, दोघांनाही ही मर्यादा सारखीच लागू आहे.

४.४ सारांश

कौलानंतरच्या निवडणुकीत हरलेली बाजू जिंकली, तरी मतदाराचे मत बदलले असे सिद्ध होत नाही. प्रश्न, पर्यायांची संख्या आणि मतदारवर्ग यांतील कोणतीही गोष्ट बदलली, तरी निकाल बदलू शकतो. तोच प्रश्न पुन्हा थेट विचारल्याशिवाय मतांतराविषयी ठाम विधान करता येत नाही. जेथे तो एकदाही विचारला गेला नाही, तेथे अधिकच संयम बाळगावा लागतो.

४.५ पारिभाषिक शब्द

जनमतकौल : एका निश्चित प्रश्नावर मतदारांचे थेट मत घेण्याची पद्धती.
मतांतर : पूर्वीच्या मताहून वेगळे मत स्वीकारणे.
मतविभागणी : एका बाजूची मते अनेक उमेदवारांत वाटली जाणे.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. गोव्यातील जानेवारी आणि मार्च १९६७ मधील निकालांची तुलना करून त्यांतील वरकरणी विसंगती स्पष्ट करा.
२. ‘मतदारवर्ग बदलणे’ आणि ‘प्रश्न मावळणे’ यांतील भेद सोदाहरण लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील साठ वर्षांवरील तीन व्यक्तींना भेटा. मत कोणाला दिले हे विचारू नका, मतदान गुप्त असते. १९९१ च्या सुमारास मत देताना कोणत्या गोष्टी महत्त्वाच्या वाटत, एवढेच विचारा. विदर्भाचा उल्लेख आपण होऊन करू नका. तो कोणी स्वतःहून केला का, याची नोंद ठेवा आणि त्यावर दोनशे शब्दांत टिपण लिहा.