लहान होडीच्या आउटबोर्ड इंजिनावर बॅटरी चार्जिंग : जोडणीपूर्वी करावयाचा हिशेब

बंगळुरू शहराला पाणी पुरविण्यासाठी १८९४ मध्ये अर्कावती नदीवर हेसरघट्टा तलाव बांधण्यात आला. आज याच परिसरात केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र असून जलाशयांतील मत्स्यव्यवसाय हा त्याच्या अभ्यासाचा विषय आहे. दक्षिण दख्खनमधील जलाशयांवर अजूनही कातड्याने किंवा ताडपत्रीने मढविलेल्या गोल टोपलीवजा नावा वल्हवून मासेमारी केली जाते. मात्र जेथे पाण्याचा विस्तार मोठा आहे किंवा पिंजऱ्यांतील मत्स्यसंवर्धनासाठी रोज खाद्य व मासळी वाहून न्यावी लागते, तेथे फायबरची होडी आणि तिच्या मागील फळीवर बसविलेले आउटबोर्ड इंजिन वापरात येऊ लागले आहे. बेळगाव जिल्ह्यातील हिडकल, सोलापूर-पुणे सीमेवरील उजनी किंवा कोकणातील खाड्या येथील व्यावसायिकांपुढे अशा वेळी एकच प्रश्न उभा राहतो : इंजिन चालूच असते, तर त्यावरच बॅटरी चार्ज का करू नये?

तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे व अनेक इंजिनांत त्याची सोयही असते. तथापि जोडणी करण्यापूर्वी विजेचा हिशेब मांडला नाही, तर बॅटरी दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरते आणि अंधारात नेमका दिवा बंद पडतो. प्रस्तुत लेखात हा हिशेब, इंजिनाची तपासणी आणि सुरक्षित जोडणी यांची माहिती दिली आहे.

होडीवर वीज कशासाठी?

पहाटे जाळी उचलणाऱ्या किंवा सायंकाळी पिंजऱ्यांवरून परतणाऱ्या होडीला पहिली गरज असते ती दिव्याची. समुद्रातील टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ७ मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि ७ नॉटपेक्षा अधिक वेग नसलेल्या यांत्रिक होडीने निदान सर्व बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा लावावा, अशी तरतूद आहे. जलाशयावरही हाच संकेत पाळणे हिताचे ठरते. याखेरीज कामाचा दिवा, मोबाईल, मासळीशोधक यंत्र आणि होडीतील पाणी उपसणारा लहान पंप यांना १२ व्होल्टची वीज लागते.

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. मासे आकर्षित करण्यासाठी प्रखर एल.ई.डी. दिवे वापरण्यास केंद्र शासनाने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशान्वये देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात बंदी घातली आहे. पुढील सर्व विवेचन सुरक्षिततेच्या व कामाच्या दिव्यांपुरतेच आहे.

इंजिनात वीज कशी तयार होते?

आउटबोर्ड इंजिनाच्या माथ्यावरील फ्लायव्हीलच्या आतील कडेला कायम चुंबके बसविलेली असतात. त्याखाली स्थिर चकतीवर तांब्याच्या तारेची वेटोळी म्हणजे कॉइल असतात. फ्लायव्हील फिरू लागले की या कॉइलमध्ये वीज निर्माण होते. त्यांपैकी एक कॉइल ठिणगीसाठी असते. तिच्यातील व्होल्टेज शंभरांहून अधिक असू शकते. दुसरी, जाड तारेची कॉइल दिव्यासाठी असते. बॅटरी चार्जिंगसाठी केवळ हीच दुसरी कॉइल वापरावी. ठिणगीच्या कॉइलवरून तार काढल्यास इंजिन बंद पडते, शिवाय जबर धक्का बसण्याचा धोका असतो.

दिव्याच्या कॉइलमधून येणारी वीज ए.सी. स्वरूपाची असते. बॅटरीला डी.सी. वीज लागते. हा बदल रेक्टिफायर करतो, तर व्होल्टेज मर्यादेत ठेवण्याचे काम रेग्युलेटर करतो. बाजारात ही दोन्ही कामे करणारा एकच डबा मिळतो. नुसता रेक्टिफायर लावल्यास पूर्ण चार्ज झालेल्या लहान बॅटरीचे व्होल्टेज वेगात १५ च्या पुढे जाऊ शकते. त्यामुळे बॅटरीतील पाणी आटते व दिवे जळतात. म्हणून रेग्युलेटरशिवाय जोडणी करू नये.

या चार्जिंगमुळे इंधन फार वाढते, हा समज मात्र बरोबर नाही. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. ८० वॅटची कॉइल पूर्ण भाराने चालली तरी ती इंजिनाच्या ताकदीतून जेमतेम एक दशांश अश्वशक्ती आणि थोडी घट एवढेच घेते.

आधी खर्च, मग जमा

एका फेरीतील वीजवापर काढण्यासाठी प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि वापराचे तास यांचा गुणाकार करावा. उदाहरणादाखल पुढील हिशेब पाहावा :

- पांढरा एल.ई.डी. दिवा : ३ वॅट × ३ तास = ९ वॅट-तास
- कामाचा दिवा : ५ वॅट × २ तास = १० वॅट-तास
- मासळीशोधक यंत्र : १० वॅट × ३ तास = ३० वॅट-तास
- मोबाईल चार्जिंग : १० वॅट × १.५ तास = १५ वॅट-तास
- उपसा पंप : ३६ वॅट × १० मिनिटे = ६ वॅट-तास

एकूण वापर ७० वॅट-तास झाला. त्यास १२ ने भागले असता सुमारे ६ अँपिअर-तास येतात. शिसे-आम्ल बॅटरीत चार्जिंगच्या वेळी काही वीज वाया जाते. ती भरून काढण्यासाठी रोज सुमारे ७ अँपिअर-तास परत भरावे लागतात.

आता जमेची बाजू पाहू. ९ ते १५ अश्वशक्तीच्या अनेक इंजिनांत दिव्याची कॉइल ६० ते ८० वॅटची असते. म्हणजे कागदावर ५ ते ६.६ अँपिअर मिळतात. पण हा आकडा जवळजवळ पूर्ण वेगाचा असतो. मध्यम वेगात प्रवाह निम्म्यावर येतो आणि इंजिन मंद गतीवर असताना चार्जिंग जवळजवळ थांबते. जलाशयावरील होडी जाण्यायेण्यात मिळून ४० मिनिटे मध्यम वेगाने चालली व सरासरी ३ अँपिअर मिळाले, तर जमा होतात केवळ २ अँपिअर-तास. रोजची तूट ५ अँपिअर-तास राहिली.

२० अँपिअर-तासांची बॅटरी असेल आणि आयुष्य टिकविण्यासाठी तिची निम्मीच क्षमता वापरली, तर हाती असतात १० अँपिअर-तास. वरील तुटीने ती दुसऱ्या दिवसाअखेर संपतात. मोठी बॅटरी घेतल्याने हा दिवस केवळ पुढे ढकलला जातो, तूट भरून निघत नाही. याउलट खाडीतून तासा-दोन तासांचा सलग प्रवास करणाऱ्या होडीला तीच कॉइल पुरेशी ठरू शकते. त्यामुळे शेजाऱ्याची जोडणी पाहून निर्णय न घेता आपल्या फेरीचा हिशेब मांडावा.

इंजिनाची तपासणी

दोरीने सुरू होणाऱ्या सर्वच इंजिनांत दिव्याची कॉइल नसते. प्रथम इंजिनाच्या पुस्तिकेतील तपशील पाहावा. कॉइल असल्यास तिच्या दोन तारा सहसा झाकणाखाली टोपण लावून मोकळ्या सोडलेल्या असतात. इंजिन बंद ठेवून मल्टिमीटरने दोन चाचण्या कराव्यात.

पहिली चाचणी दोन्ही तारांमधील रोधाची. तो अत्यल्प, सहसा एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. अनंत रोध दिसल्यास कॉइल तुटलेली आहे असे समजावे. दुसरी चाचणी प्रत्येक तार व इंजिनाचे धातूचे अंग यांमध्ये घ्यावी. दोन्ही तारा अंगापासून अलग असतील तर चार डायोडचा पूर्ण रेक्टिफायर चालतो. एक टोक अंगाला जोडलेले असेल तर असा रेक्टिफायर लावून बॅटरीची ऋण तार इंजिनाला जोडल्यास कॉइलचा काही भाग थेट शॉर्ट होतो. अनेक घरगुती जोडण्या येथेच फसतात. मोटारसायकलचा रेग्युलेटर वापरावयाचा झाल्यासही त्याचा प्रकार कॉइलशी जुळतो की नाही, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

कॉइलच नसल्यास कंपनीचा संच त्या मॉडेलसाठी उपलब्ध आहे काय, याची चौकशी करावी. फ्लायव्हील काढण्यासाठी विशेष पुलर लागतो आणि बसविताना नट ठराविक जोराने आवळावा लागतो; हे काम प्रशिक्षित मेकॅनिककडूनच करून घ्यावे. फ्लायव्हीलवर पट्टा चढवून मोटारीचा अल्टरनेटर फिरविण्याचा प्रयोग करू नये. त्यामुळे क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर एकतर्फी ताण येतो आणि उघडा पट्टा हातास इजा करू शकतो.

सुरक्षित जोडणी

क्रम असा असावा : कॉइल, रेग्युलेटर-रेक्टिफायर, फ्यूज, बॅटरी. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ, शक्यतो एका वितीच्या आत असावा. वरील उदाहरणातील कॉइलसाठी १० अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. दिवे, पंप इत्यादींसाठी स्वतंत्र फ्यूज ठेवावेत. रेग्युलेटर काम करताना तापतो, म्हणून तो हवा लागेल अशा धातूच्या पट्टीवर घट्ट बसवावा.

तारेची जाडी हा दुर्लक्षित पण महत्त्वाचा मुद्दा आहे. इंजिनापासून बॅटरी ४ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८ मीटर तार लागते. ५ अँपिअर प्रवाहास १ चौ.मि.मी. तारेत सुमारे ०.७ व्होल्ट घट होते, तर २.५ चौ.मि.मी. तारेत ती सुमारे ०.३ व्होल्ट इतकीच राहते. रेग्युलेटरने १४.४ व्होल्ट दिले तरी बारीक तारेमुळे बॅटरीपर्यंत १३.७ व्होल्टच पोहोचतात व ती कधीच पूर्ण भरत नाही. खाऱ्या पाण्यात कल्हई केलेली तांब्याची तार वापरावी. इंजिन वळते व वर उचलले जाते, म्हणून तारेस तेथे पुरेशी ढील ठेवावी.

चार्ज होताना शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी एकाच बंद कप्प्यात ठेवणे म्हणजे आगीला निमंत्रण होय. बॅटरीची पेटी हवेशीर, पाण्यापासून उंच आणि पट्ट्याने बांधलेली असावी. तिची टोके झाकलेली असावीत.

इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नये किंवा मुख्य स्विच बंद करू नये. भार एकदम सुटल्याने व्होल्टेज उसळते आणि रेग्युलेटर व दिवे निकामी होऊ शकतात. धन-ऋण उलट जोडल्यास रेक्टिफायर क्षणात जळतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असली, तरी तिचे संरक्षक सर्किट प्रसंगी चार्जिंग मध्येच तोडते. त्याचा परिणाम तार काढण्यासारखाच होतो. म्हणून रेग्युलेटर त्या बॅटरीस चालतो, याची लेखी खात्री असल्याशिवाय ती या जोडणीत वापरू नये.

जोडणीनंतर इंजिन मध्यम वेगात ठेवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. १३.८ ते १४.५ व्होल्ट असल्यास काम बरोबर आहे. उतरलेल्या बॅटरीस या पातळीवर येण्यास वेळ लागतो, परंतु आकडा हळूहळू चढताना दिसला पाहिजे. तो जराही न वाढल्यास चार्जिंग होत नाही असे समजावे. १४.८ च्या वर गेल्यास इंजिन त्वरित बंद करून रेग्युलेटर तपासावा.

तूट भरण्यासाठी सौर पॅनेल

वरील उदाहरणातील ५ अँपिअर-तासांची तूट २० वॅटचे सौर पॅनेल भरून काढू शकते. असे पॅनेल चांगल्या उन्हात सुमारे १.१ अँपिअर देते. दख्खनच्या पठारावर दिवसाकाठी साडेचार तासांचे पूर्ण ऊन धरल्यास जवळजवळ ५ अँपिअर-तास जमा होतात. ढगाळ दिवसांसाठी ४० वॅटचे पॅनेल घेणे श्रेयस्कर. होडी काठाला बांधलेली असतानाही पॅनेल काम करीत राहते, हा त्याचा मोठा लाभ होय. पॅनेलला स्वतंत्र चार्ज कंट्रोलर व फ्यूज द्यावा; इंजिनाचा रेग्युलेटर आणि हा कंट्रोलर एकाच बॅटरीस जोडता येतात. ज्या इंजिनात दिव्याची कॉइलच नाही, तेथे इंजिन उघडण्यापेक्षा पॅनेलचा मार्ग सोपा आहे.

देखभाल

इंजिन व दिवे बंद करून काही तास विसावलेल्या बॅटरीचे व्होल्टेज दर आठवड्यास नोंदवावे. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी. १२ च्या खाली गेल्यास ती किनाऱ्यावरील चार्जरने ताबडतोब भरावी. टोकांवर पेट्रोलियम जेली लावावी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात बॅटरी होडीतून काढून कोरड्या जागी ठेवावी व महिन्यातून एकदा चार्ज करावी. निकामी बॅटरी पाण्यात किंवा काठावर न टाकता २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांस अनुसरून विक्रेत्याकडे अथवा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे सुपूर्द करावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी मच्छिमार सहकारी संस्थांच्या बैठकीत प्रत्येक सभासदाकडून त्याच्या होडीचा वरीलप्रमाणे जमाखर्च लिहून घ्यावा, तसेच मल्टिमीटरच्या दोन्ही चाचण्यांचे प्रात्यक्षिक दाखवावे. खर्च जमेपेक्षा अधिक असेल तेथे प्रथम अनावश्यक भार कमी करावा, मग पॅनेलचा विचार करावा. याशिवाय पूर्ण चार्ज केलेली एक हातबत्ती प्रत्येक होडीत वेगळी ठेवावी. जोडणी कितीही चांगली असली तरी अंधारात होडी दुसऱ्यास दिसणे एकाच बॅटरीवर अवलंबून राहू नये.