संत्र्याला तहान लागू दे गं

अगं, फोटो बघितला. झाड देखणं आहे. दीड फुटाच्या रोपावर नारिंगी गोळे लगडलेले, पानं तुकतुकीत. पण ‘नागपुरी संत्रं आणलं’ म्हणून सासूबाईंना दाखवायला जाऊ नकोस. त्या मोर्शीच्या आहेत, लांबूनच ओळखतील. आपल्याकडे नर्सऱ्यांत ‘चायना ऑरेंज’ म्हणून जे मिळतं ते हे. कुमक्वाट आणि मँडरीन यांचा संकर. साल गोडसर आणि आत रस असा की डोळे मिटतील. फिलिपिन्समध्ये याला कलमान्सी म्हणतात आणि ते लोक माशांवर पिळतात. तू बांगड्यावर पिळ, लोणचं घाल. झाड चिवट असतं, कुंडीत वर्षानुवर्षं टिकतं. ते परत करू नकोस, फक्त त्याच्याकडून संत्र्याची अपेक्षा ठेवू नकोस.

खरं संत्रं हवंच असेल, तर आधी एक स्पष्ट सांगते. वरूड-मोर्शीकडे जशी बाग होते तशी मुलुंडला होणार नाही. तिकडे काळी जमीन, कोरडा उन्हाळा आणि हिवाळ्यात बोचरी थंडी. आपल्याकडे चार महिन्यांत २००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि थंडी म्हणजे कपाटातली शाल बाहेर काढायचं निमित्त. तरीही एखादं झाड जगतं आणि फळतं. आणि सासूबाईंसाठी लावते आहेस म्हणालीस, तेव्हा तर मी नाही म्हणणारच नाही.

बी पेरू नकोस. बियांचं झाड काटेरी होतं, उंच जातं आणि फळाला सहा-सात वर्षं लावतं. तेवढ्यात तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाईल! जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेली कलम घे. वरूडजवळचं शेंदुरजना घाट अशा कलमांसाठीच प्रसिद्ध आहे. सासूबाईंचे भाऊ दिवाळीनंतर येणार असतील तर त्यांनाच आणायला सांग. घेताना जोड बघायचा. तो जमिनीपासून वीतभर तरी वर हवा आणि लावतानाही मातीच्या वरच राहायला हवा. जोड मातीत गेला की ओल धरतो, बुंध्यातून डिंक गळायला लागतो आणि झाड वर्षभरात वाळतं. पावसाळ्यात आपल्याकडची लिंबूवर्गीय झाडं मरतात ती बहुतेक यानेच.

तुझ्या तळमजल्याच्या अंगणात मात्र थेट खड्डा खणू नकोस. तिथे वीतभर मातीखाली काय निघेल माहीत आहे? विटा, सिमेंट, फरशांचे तुकडे. बिल्डरने डेब्रिज टाकून भर केलेली असते. त्यातल्या चुन्यामुळे झाडाला लोह आणि जस्त मिळत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग आपण खतावर खत घालत बसतो. त्यापेक्षा निळं पिंप अर्धं कापून घे. तळाला आणि कडेला भरपूर भोकं पाड, खाली विटांवर टेकव. लाल माती, जुनं शेणखत, वाळू आणि विटांचे बारीक तुकडे घाल. कोकोपीट अगदी थोडं, कारण ते आपल्या हवेत पाणी सोडतच नाही. पिंप सरकवता येतं, त्यामुळे कमिटीवाले कुरकुर करतील तेव्हा उत्तरही तयार. जागा अशी निवड की दुपारचं पाच-सहा तास ऊन लागेल.

आता मुख्य गोष्ट. तू प्रेमाने पाणी घालणारी बाई आहेस, मला ठाऊक आहे. तुझा मनीप्लांट त्यावर पोसला, तुळस त्यावरच गेली. संत्र्याला सदा ओलं ठेवलंस तर ते पानंच पानं देईल, फूल देणार नाही. विदर्भात म्हणूनच ताण देतात. पाणी तोडायचं, झाडाला थांबायला लावायचं आणि मग पाणी सोडलं की फुलोरा येतो. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार, पावसाच्या सुरुवातीला येतो तो मृग. मृग बहार तू विसरून जा, आपल्या जूनच्या सरींत फुलं धुऊन निघतील. आंबियाच धर. डिसेंबरच्या अखेरीपासून पाणी कमी करत जायचं. जमिनीतल्या बागेला महिना-दीड महिना ताण देतात, पिंपातल्या झाडाला तेवढा दिलास तर मरेल. दुपारी पानं मलूल दिसावीत आणि सकाळी पुन्हा सावरलेली, इतकंच. सकाळीही मान टाकलेली दिसली की लगेच पाणी दे. आणि हे पहिल्या तीन वर्षांत करायचंच नाही, तोवर झाडाला वाढू दे.

हा ताण किती द्यायचा ते सासूबाईंनाच ठरवू दे. खरंच सांगते. मुलुंडला आल्यापासून त्या कुठल्याच गोष्टीत ‘असं कर’ म्हणत नाहीत, तूच मागे बोलली होतीस. इथे त्यांना तुझ्याहून जास्त कळतं. तू उगाच पाणी घालताना त्या ओरडल्या तर रुसू नकोस.

पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो पेस्ट लाव. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात भिजवायचा आणि मग दोन्ही एकत्र करायचं. भांडं प्लॅस्टिकचं, लोखंडाचं नको. हातमोजे घाल, पिंटूला लांब ठेव.

पिंटूवरून आठवलं. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर पुसून टाकू नकोस, ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असते. काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. पोरगा खूश होईल. तुमच्या मागेच नॅशनल पार्कचे डोंगर, तेव्हा ब्लू मॉरमॉनही अंडी घालायला येईल. तेच ते, २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू ठरवलेलं. रोप लहान असेपर्यंत अळ्या उचलून कढीपत्त्यावर सोड, फवारणी नको. झाड मोठं झालं की चार पानं त्यांनी खाल्ली तर काय बिघडतं?

आणि फळं धरलीच तर ती केशरी व्हायची वाट बघत बसू नकोस. तो रंग थंड रात्रींमुळे चढतो आणि आपल्याकडे तशा रात्री मिळतात किती! नोव्हेंबर-डिसेंबरात साल हिरवट-पिवळी, थोडी सैल लागली की एक तोडून चाखायचं. गोड असेल तर बाकीची चार-आठ दिवसांत काढून घे, नाहीतर झाडावरच आतून कोरडी पडतात. दिसायला ती बाजारातल्यासारखी नसतील, तेव्हा शेजारणींना वाटण्याआधी सोलून दाखव.

कलम आली की आधी जोडाचा फोटो पाठव. तो बघितल्याशिवाय लावू नकोस.