मतं वेगळी, मैत्री तीच

प्रश्न : विधानसभेच्या निकालापासून लातूरच्या जिवलग मित्राशी बोलणंच तुटलंय. सुरुवात कशी करू?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : आधी तुमच्याच मतदारसंघाकडे बघा. २० नोव्हेंबर २०२४ रोजी नांदेडकरांनी एकाच दिवशी दोन मतं दिली. लोकसभेची पोटनिवडणूक काँग्रेसनं १,४५७ मतांनी जिंकली. त्याच क्षेत्रातल्या सहाही विधानसभा जागा मात्र महायुतीला गेल्या. म्हणजे अनेकांनी एकाच केंद्रावर दोन वेगळी बटणं दाबली. माणूस एका चिन्हात मावत नाही. तुमचा मित्रही नाही.

आजच फोन लावा. "सोयाबीन कितीला गेलं रे?" एवढंच विचारा. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना मोंढ्यात कमी भाव मिळाल्याची सल दोघांचीही आहे. निकालाचा विषय निघालाच, तर "तुला काय खटकत होतं?" असं विचारा आणि मध्ये न तोडता ऐका.