षट्कारांचा बादशहा : सी. के. नायडू

हसनाबाद असो की नागपूर, चेंडू सीमापार गेला की मैदानावर टाळ्यांचा कडकडाट होतो. १८९५ या एकाच साली असे दोन फटकेबाज जन्मले. एक अमेरिकेचा बेब रूथ. बेसबॉलमधील ‘होम रन’ म्हणजे जणू आपला षट्कारच. रूथने असे ७१४ होम रन मारले. दुसरे नागपूरचे कोट्टारी कनकय्या नायडू.

त्या काळी मुंबईत युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान यांचे वेगवेगळे संघ एकमेकांविरुद्ध खेळत. १९१६ साली नायडू हिंदू संघाकडून खेळू लागले. १९२६ साली इंग्लंडचा एम. सी. सी. संघ मुंबईस आला. त्याच्याविरुद्ध नायडूंनी अवघ्या ११६ मिनिटांत १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षट्कार होते! देश पारतंत्र्यात होता. इंग्रजांच्या खेळात आपण इंग्रजांना तोंड देऊ शकतो, हे त्या दिवशी लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

१९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारत पहिला कसोटी सामना खेळला. छत्तीस वर्षांचे नायडू कर्णधार होते. संघात हिंदू, मुसलमान, पारशी व शीख खेळाडू होते. आता त्यांचा संघ एकच होता. महंमद निसारने पहिल्या डावात पाच बळी घेतले. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला दुखापत झाली. तरीही पहिल्या डावात भारतातर्फे सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. सामना भारत हरला. पण जगाने त्याची दखल घेतली.

नायडूंना केवळ सात कसोटी सामने मिळाले. संधी उशिरा आली, म्हणून ते कुढत बसले नाहीत. इंदूरला त्यांनी मुश्ताक अलींसारखे खेळाडू घडवले आणि होळकर संघाला चार वेळा रणजी करंडक मिळवून दिला. साठी ओलांडल्यावरही ते रणजी सामने खेळले. १९५६ साली त्यांना ‘पद्मभूषण’ मिळाले. १९६७ साली त्यांचे निधन झाले.

मनगटात जोर अनेकांच्या असतो. तो संघासाठी वापरणारा खेळाडूच लोकांच्या स्मरणात राहतो.

शब्दार्थ
पारतंत्र्य – गुलामी
दखल घेणे – लक्ष देणे
कुढणे – मनातल्या मनात दुःख करणे

स्वाध्याय
१. १९२६ च्या खेळीचे महत्त्व काय?
२. ‘आता त्यांचा संघ एकच होता’ असे लेखक का म्हणतो?
३. वाक्यात उपयोग करा : तोंड देणे, साठी ओलांडणे.