रेडिएटरचा ड्रेन कॉक : गळती बुजवू नका, कॉक बदला

नेर हे अमरावती-यवतमाळ रस्त्यावरील तालुक्याचे गाव. अशा गावांत शेतमाल, किराणा आणि प्रवासी यांची ने-आण जुन्या जीपगाड्या व छोटे ट्रक यांच्यावर चालते. टाटा ४०७ हा छोटा ट्रक १९८६ साली बाजारात आला. तेव्हाच्या बनावटीच्या गाड्या दुरुस्तीला आल्या की एक तक्रार हमखास असते : "रोज सकाळी पाणी टाकावे लागते." अशा वेळी रेडिएटरच्या तळाचा ड्रेन कॉक आधी पाहावा.

रेडिएटरमधील पाणी काढून टाकण्यासाठी असलेली ही लहानशी तोटी. जुन्या गाड्यांत ती पितळेची असते, नंतरच्या गाड्यांत बहुधा प्लास्टिकची. बोअरच्या जड पाण्यातील क्षार तिच्या बैठकीवर साचतात. मग गळती थांबवण्यासाठी चावी पक्कडीने आवळली जाते व बैठक आणखी खराब होते. प्लास्टिकचा कॉक उष्णतेने ठिसूळ होतो, त्याचे रबरी वॉशर कडक पडते.

पुष्कळ ठिकाणी यावर साबण, एम-सील किंवा लाकडी खुंटी हा उपाय केला जातो. काही जण लोखंडी बोल्ट ठोकून बसवतात. पितळ व लोखंड पाण्यात एकत्र आले की लोखंड गंजते आणि बोल्ट जाम होतो. मुख्य धोका मात्र दाबाचा आहे. रेडिएटरच्या झाकणामुळे आत दाब राहतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गळतीमुळे हा दाब टिकत नाही व पाणी लवकर उकळते. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना भरलेल्या गाडीची खुंटी रस्त्यात निसटली, तर हेड वाकते, गॅसकेट जळते. किरकोळ किमतीच्या कॉकपायी इंजिन उघडण्याचा खर्च गाडीमालकावर पडतो आणि कारागिराचे नाव जाते.

प्रथम गळतीची जागा नक्की करा. तळ फडक्याने कोरडा पुसा व रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. पाणी गरम भागावर वाळून जाते, म्हणून पांढरट किंवा हिरवट खपलीही शोधा. कॉक ज्या सॉकेटमध्ये बसतो त्याच्या डागातून पाणी येत असेल, तर कॉक बदलून उपयोग नाही. ते काम रेडिएटरवाल्याचे.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडू नका. दाब एकदम सुटला की गरम पाणी उसळून अंगावर येते. गाडी सपाट जागेवर लावा, चाकांना दगडाची उटी द्या, खाली टब ठेवा. कॉकमधून पाणी येत नसेल तर तोंडाशी साचलेला गाळ बारीक तारेने हलक्या हाताने मोकळा करा.

कॉक काढताना दोन पाने वापरा. एका पान्याने सॉकेट धरून ठेवावे, दुसऱ्याने कॉक फिरवावा. एकाच पान्याने जोर लावला तर डाग दिलेले सॉकेटच पिळून निघते. कॉक जाम असेल तर गंज सोडवणारे तेल टाकून थांबा.

जुना कॉक दुकानात नेऊन आटे जुळवूनच नवा घ्या. नवा कॉक दोन-तीन फेरे नुसत्या हाताने बसला पाहिजे. हाताने बसत नसेल तर आटे वेगळे आहेत, पाना लावू नका. निमुळत्या आट्यांच्या पितळी कॉकवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे आट्यांच्या दिशेने द्या, पहिला आटा मोकळा ठेवा. वॉशरवर बसणाऱ्या कॉकला टेप नको, नवे वॉशर हवे. प्लास्टिकचा कॉक हातानेच आवळा, जास्त जोराने तो तडकतो.

आता आधी साधे पाणी भरून गळती तपासा. झाकण लावून इंजिन गरम होऊ द्या, खाली नजर ठेवा. सर्व ठीक असेल तर थंड झाल्यावर ते पाणी काढून, गाडीच्या कंपनीने सांगितलेले कुलंट शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून भरा. दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा पाहा, कारण आत अडकलेली हवा निघाली की पातळी खाली जाते.

काढलेले कुलंट नालीत किंवा मोकळ्या जागेत ओतू नका. त्यातील ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. शेळी, गाय किंवा कुत्रा ते पिऊन दगावू शकतो. झाकणाच्या डब्यात साठवा, लहान मुलांपासून दूर ठेवा.

शेवटी धंद्याची गोष्ट. ग्राहकाची गाडी आपल्याकडे अमानत असते. म्हणून कामाआधी कॉकची किंमत व मजुरी वेगवेगळी सांगा, बिलावर लिहा आणि काढलेला जुना कॉक त्याच्या हातात द्या. रस्त्यातील तात्पुरती सोय करावी लागली तर ती तात्पुरती आहे, हेही स्पष्ट सांगा. उस्तादांनी शागिर्दांना ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. कॉकच्या विक्रीत फार नफा नाही, पण उन्हाळाभर गाडी रस्त्यात थांबली नाही तर तो ग्राहक पुढच्या कामाला आपल्याकडेच येतो.