दिलेला शब्द आणि एम-थ्रीची केटी

आपल्या कॉलेजात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं खोटं वाक्य कोणतं? "उद्या नक्की देतो." जर्नल असो, ड्राफ्टर असो की मेसचे उसने पैसे, उत्तर हेच. कुणी रागावतही नाही, कारण उद्या म्हणजे ‘बघू’ हे ऐकणाऱ्यालाही माहीत असतं.

नवीन पनवेलला आम्ही सात-आठ ख्रिस्ती मुलं रविवारी संध्याकाळी एका मित्राच्या खोलीवर बायबल अभ्यासाला बसतो. पाळीपाळीने एकाने पाठ घ्यायचा. माझी पाळी आली तेव्हा विषय निघाला, ‘दिलेला शब्द आणि देवावरचा भरवसा’. मी गप्पच बसलो. त्याचं कारण असं की सेकंड इयरच्या एका मुलाला एम-थ्रीची केटी होती आणि "पेपरपर्यंत रोज रात्री तासभर बसू" असं मीच त्याला आपणहून सांगितलं होतं. चार रात्री बसलो. मग मला कॅम्पसच्या ॲप्टिट्यूड टेस्टची धास्ती लागली आणि मी त्याला मेसमध्ये टाळायला लागलो. रिझल्ट लागला, तो परत लटकला. मला एका शब्दाने बोलला नाही. असा माणूस पाठ घेणार!

तरी तयारीला बसलो. जुन्या करारात यहोशवाच्या नवव्या अध्यायात गिबोनी लोकांची गोष्ट आहे. त्यांनी फाटके जोडे आणि बुरसटलेल्या भाकरी दाखवून ‘आम्ही फार लांबून आलो’ अशी थाप मारली आणि इस्राएलांकडून जीवदानाची शपथ घेतली. तीन दिवसांनी कळलं की हे तर शेजारचेच. आपल्या हिशोबाने करार रद्द करायला यापेक्षा चांगलं कारण नाही. पण शपथ देवाच्या नावाने झाली होती म्हणून पुढाऱ्यांनी ती पाळली. त्यांना पाणक्ये आणि लाकूडतोडे केलं, मारलं मात्र नाही. पुढे शौल राजाने ही शपथ मोडली, तर त्यापायी दाविदाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडला असं शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. उपदेशक तर सरळ बजावतो की नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. इफ्ताहाच्या नवसाचाही विषय निघाला, पण त्यावर आमचं इतकं भांडण झालं की ते इथे लिहीत नाही.

एवढं सांगून झाल्यावर एकाने विचारलं, "शब्द पाळायचा हे कळलं, पण त्यात देवावरचा भरवसा कुठे आला?" याचं उत्तर मला आपल्याच महाराष्ट्रात सापडलं, केडगावला. पुणे-दौंड मार्गावरचं हे स्टेशन. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन मी आजीबरोबर लहानपणी पाहिलं होतं, पण तेव्हा लक्ष सगळं डब्यातल्या पुरणपोळीकडे.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. इथे मुलींना ख्रिस्ती धर्माचं शिक्षण मिळणार नाही, त्यांनी आपापला धर्म खुशाल पाळावा, असा शब्द होता. रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळात आली ती याच भरवशावर. रमाबाई स्वतःची प्रार्थना आपल्या खोलीत करत, पण दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. ओरड झाली, १८९३ मध्ये मंडळाने राजीनामे दिले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावलं नाही, आणि आलेल्या मुलीला हाकलणारही नाही. मी स्वतः ख्रिस्ती असूनही मला वाटतं की त्या पालकांचं दुःख खरं होतं. अक्षर पाळलं गेलं, पण त्यांनी ज्या शब्दावर मुली सोपवल्या तो त्यांच्या मनात वेगळा होता. आमच्या खोलीत यावर मतं अर्धी-अर्धी पडली.

दुसरा प्रसंग पैशाचा. शारदा सदनाला अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. ती मुदत संपत येणार, म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेऊन फळबाग लावायला घेतली. संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी हा हिशोब. झाडं अजून लहान, तेवढ्यात १८९६ चा दुष्काळ आला. रमाबाईंनी तरुणपणी आईवडील आणि बहीण अशाच उपासमारीच्या दिवसांत गमावली होती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका आणल्या. इतक्या पोटांची सोय कुणीच कबूल केलेली नव्हती. त्यातच पुण्यात प्लेग, म्हणून मुली केडगावच्या माळावर झोपड्यांत. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र त्यांनी वाचलं होतं. हा माणूस अनाथाश्रमासाठी फक्त देवाकडे मागत असे. रमाबाईंनीही तीच वाट धरली, तरी मुक्तीचं बातमीपत्र परदेशात जात होतं आणि इथे विहिरी खणणं, विणकाम, छापखाना हे सगळं चालूच होतं. त्यांचा भरवसा घाम गाळणारा होता. शेवटची दीड दशकं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल केलं. खिळे जुळवायचं काम मुक्तीतल्या मुलींनी केलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई वारल्या; संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं.

मग मला माझ्या चार रात्री आठवल्या. नोकरी मिळेल की नाही याची एवढी भीती, की दुसऱ्याला दिलेला तासही परत खेचून घेतला. भरवसा कुठे आला, त्याचं हे माझ्याच घरचं उत्तर होतं.

सोमवारी त्याच्या रूमवर गेलो, माफी मागितली. तो म्हणाला, "दादा, नापास झालो त्याचं काही नाही. जमणार नव्हतं तर आधी सांगायचं ना, मी क्लास लावला असता." मी मान खाली घातली.

या वेळी मंगळवार आणि गुरुवार, रात्री साडेनऊ, एवढंच जमेल असं आधीच सांगून ठेवलं आहे. लाप्लास संपलं, फूरिए सुरू आहे.